निरोपानं भाजलेला हात

“तोंडातनं शब्द निघायला एवढा वेळ लागतो का हो माणसाला?”

प्रणिताच्या सासूबाई परसातल्या भिंतीवरून शेजारच्या शालनकाकूंना विचारत होत्या. आपली सून भिंतीच्या अलीकडे, न्हाणीच्या आडोशाला भांडी घासत बसली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“वेळेवर बोलली असती, तर ह्यांचा हात भाजला असता का?”

शालनकाकू हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

“न्हाई न्हाई, पोरगी गुणाची हाय,” सासूबाई घाईनं म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? नुसती तोंडानं हळू.”

प्रणितानं घासलेली कढई पालथी घातली. आवाज होऊ दिला नाही. आवाज न करण्यात तिचा हात कुणी धरला नसता, आणि तेच तर आता अंगाशी आलं होतं.

नखांच्या कडेला अजून हळदीचा पिवळेपणा होता. एवढ्यात घरातल्या माणसाचा हात भाजवून झाला होता.

भाजवला का तिनं? तिचं तिलाच कळत नव्हतं.

झालं होतं ते असं.

चौगुल्यांचं घर एक, दारं दोन. एका दारात प्रणिताचे सासरे, शामराव. दुसऱ्या दारात त्यांचे थोरले भाऊ, हिंदुराव. हिंदुरावांची बायको वारलेली, त्यामुळे त्यांचं ताट ह्याच चुलीवरून जायचं. रानातलं गुऱ्हाळही दोघांचं मिळून एकच. आणि दोघांमध्ये अबोला. प्रणिताचा नवरा विक्रांत शाळेत जायला लागला, त्याच्याही आधीपासूनचा.

अबोल्याचं कारण एक काहील, उसाचा रस आटवायची मोठी कढई. कुठल्याशा हंगामात, काहिलीत रस उकळत असताना, थोरले म्हणाले पाक आला, उतरवा. धाकटे म्हणाले आला नाही, थांबा. त्या ओढाताणीत जे गूळ निवायच्या वाफ्यात ओतलं गेलं, त्याची ना ढेप झाली ना काकवी. ते कुणाच्या चुकीनं, ह्याचा निकाल लागला नाही. बोलणं बंद झालं.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असा प्रणिताचा समज होता. तिच्या माहेरी तसाच असायचा. सकाळी धरला की संध्याकाळपर्यंत भुकेनं सुटायचा. इथला अबोला वेगळा निघाला. इथं दोघं भाऊ दिवसभर बोलायचे, फक्त तिसऱ्याच्या तोंडानं.

“सूनबाई, त्याला सांग, उद्या पहाटे जाळ घालायचाय.”

‘तो’ त्याच बाकावर, त्याच तंबाखूच्या डबीशेजारी. ऐकलेलं असायचं. तरी प्रणितानं सांगायचं.

“सांग त्याला, कळलं.”

तेही सांगायचं.

पूर्वी हे काम विक्रांतकडे होतं. तो एमआयडीसीत लागल्यावर सासूबाईंकडे आलं. आता सासूबाईंनी मोठ्या मनानं ते सुनेच्या हवाली केलं होतं. नव्या सुनेला कुठं कुठं किल्ल्या देतात. प्रणिताला निरोप मिळाले.

त्या दिवशी गुऱ्हाळावर काहील उतरवायची होती. एका बाजूला हिंदुराव, समोर शामराव, चुलाणाजवळ प्रणिता. काहिलीच्या कडीत अडकवलेला लोखंडी आकडा निसटतोय, हे हिंदुरावांनी पाहिलं. शामराव नेमके त्याच्या खाली उभे होते.

हिंदुराव ओरडले. प्रणिताकडे बघून ओरडले.

प्रणितानं सांगितलं.

तोवर पाक उडाला होता.

*

गावामागच्या टेकडीवर एक लहानसा मठ आहे. तिथं आऊ राहतात. त्यांचं नाव, गाव, वय कुणाला ठाऊक नाही, आणि विचारलं तर त्या “तुला काय पत्र पाठवायचंय?” असं विचारतात. हंगामातली पहिली ढेप मठात द्यायची, दोघा भावांनी मिळून द्यायची, ही चौगुल्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत. ती अबोल्यातही मोडली नव्हती. मठात जायला दोन वाटा असल्यानं तर फारच सोय झाली होती.

ह्या वर्षी शामरावांच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. म्हणून ढेप घेऊन प्रणिता त्यांच्याबरोबर पायऱ्यांनी चढली. हिंदुराव मागच्या पाऊलवाटेनं आले. दोघं एकदमच अंगणात पोचले आणि एकदमच वेगवेगळ्या दिशांना बघायला लागले.

आऊ ओसरीवर सुपात शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या.

शामराव पाया पडले आणि बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “आऊ, समेट म्हणजे नेमकं काय?”

“तुला ठाऊक न्हाई?”

“ठाऊक हाय. पण नेमका अर्थ पाहिजे. परवा तालुक्याला माझा सत्कार हाय. शाल, नारळ, दोन शब्द बोलायचे. नुसतं ठाऊक असलेलं बोलून कसं चालेल?”

शामराव गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बांधाची, पाण्याची, सोयरिकीची भांडणं त्यांच्या ओट्यावर यायची आणि गप्प होऊन परत जायची. शेजारच्या गावांतूनही बोलावणी असत.

“तडजोड हाय, सलोखा हाय, दिलजमाई हाय,” ते म्हणाले. “सगळे शब्द बघितले. पण समेट ह्या शब्दाला वजन हाय.”

“वजन शेंगेलाबी असतंय. फोडल्यावर कळतं दाणा हाय का न्हाई ते.” आऊंनी एक शेंग फोडली. “तू कसा करतोस समेट?”

शामरावांची पाठ ताठ झाली. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

“माझी पद्धत ठरलेली हाय. दोघांना समोरासमोर येऊच द्यायचं न्हाई. ह्याचं वेगळं ऐकायचं, त्याचं वेगळं. मग ह्याचं त्याला सांगायचं, पण गोड करून. त्याचं ह्याला, तेबी गोड करून.”

“आणि कडू?”

“कडू मधल्या मधे गाळायचं.”

“गाळून कुठं ठेवतोस?”

हे शामरावांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

“…ठेवायचं काय त्यात? जातं.”

“बरं.” आऊ शेंग फोडत राहिल्या. “त्या पाटलांच्या दोन जावांचा तूच मिटवलास नव्हं?”

“मीच. एक शब्द भांडत न्हाईत आता.”

“बोलतात?”

“…एक सकाळी नळावर जाते. दुसरी दुपारी.”

अंगणाच्या कडेला, दगडावर बसलेले हिंदुराव खाकरले. ते हसणंही असू शकलं असतं.

“सोल शेंगा,” आऊंनी सूप शामरावांकडे सरकवलं.

शामरावांनी पट्टीचा हात पुढं केला. दाखवायला.

“अगं बाई. काय झालं?”

“पाक उडाला. आकडा निसटला काहिलीचा.”

“बाजूला न्हाई झालास?”

“सांगितल्यावर झालो. पण सांगायलाच…” शामरावांनी प्रणिताकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनं पाहिलं. “हिचा दोष न्हाई, आऊ. हिला कुणी बोल लावायचा न्हाई, असं मी घरात बजावून सांगितलंय. स्वभावच हळू पोरीचा. काय करणार?”

प्रणितानं मान खाली घातली. सासूबाईंचं भिंतीवरचं बोलणं इतकं लागलं नव्हतं. त्याला निदान मनातल्या मनात उत्तर देता आलं होतं. ह्या मायेला काय उत्तर द्यायचं? एकदा घरानं क्षमा केली, की दोष कायमचा आपल्या नावावर.

“हिला कुणी सांगितलं, आकडा निसटतोय म्हणून?” आऊंनी विचारलं.

शामरावांनी खांदा मागच्या बाजूला उडवला. “त्यांनी.”

“हिंदुरावांनी? ते कुठं होते?”

“काहिलीपलीकडं.”

“किती लांब?”

शामरावांनी पट्टीची गाठ चाचपली.

“सूनबाई,” दगडावरून हिंदुराव म्हणाले, “सांग त्यांना, दोन हात.”

“मी बहिरी न्हाई, हिंदुराव,” आऊ म्हणाल्या.

हिंदुरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“आणि ही कुठं होती?”

“चुलाणापाशी,” शामराव म्हणाले. “पलीकडच्या अंगाला.”

“म्हंजे दोन हातांवर उभ्या माणसाची हाक आधी चुलाणापाशी गेली. तिथनं वळली. मग तुझ्याकडं आली.”

“…हो.”

“आणि पाक?”

शामरावांनी पट्टीकडे पाहिलं.

“तो सरळ आला.”

आऊंनी हातातली टरफलं अंगणात टाकली. एक कोंबडी आशेनं धावत आली आणि निराश होऊन गेली.

“तुझा हात पाकानं न्हाई भाजला, शामराव. निरोपानं भाजला.”

…

प्रणिताला एकदम मोठा श्वास आला. इतके दिवस आपण अर्धाच घेत होतो, हे तिला तेव्हा कळलं. चला, सुटलो, असं तिच्या मनात येतंय तोच आऊ तिच्याकडे वळल्या.

“आणि तू गं? ऐकलंस तसंच सांगितलंस?”

प्रणितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“विचारतेय.”

“…नाही.”

“काय गाळलंस?”

तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा थोरल्या सासऱ्यांकडे. दोघंही टेकडीखालचा ऊस पाहत होते. कधी न पाहिल्यासारखा.

“एक शब्द गाळला.”

“कुठला?”

“असा… म्हणण्यासारखा नाही.”

“म्हण. मठ हाय हा. हितं देवाला रोज काय काय ऐकावं लागतं.”

“थोरले मामा म्हणाले होते…” प्रणितानं नजर सुपावर ठेवली. “‘त्या बैलाला सांग, सरक म्हणावं.’”

“आणि तू काय सांगितलंस?”

“‘मामा, जरा बाजूला होता का.’”

आऊंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“बैल काढलास. मामा घातलास. ‘जरा’ घातलास. वर ‘होता का’ म्हणून विचारलंस.”

“सासऱ्यांना ‘सरक’ कसं म्हणायचं?” प्रणिता कळवळून म्हणाली. “तेही ओरडून? चार माणसांत?”

आऊ हसायला लागल्या. दात नसलेलं ते हसणं थांबेचना. शेवटी पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, “रीतीप्रमाणं सांगितलंस गं पोरी. पाकाला तेवढी रीत ठाऊक न्हाई.”

शामराव मात्र हसले नव्हते. ते पुटपुटले, “बैल…?”

पण कुणाकडे न बघता. अजून ते उसालाच विचारत होते.

“आणखी काय काय गाळलंयस?” आऊंनी विचारलं.

“बरंच.”

“ह्याचं की त्याचं?”

“दोघांचंही.”

“सगळं ध्यानात हाय?”

असायचंच. जी माणसं कमी बोलतात त्यांच्याकडे दुसऱ्यांचं बोलणं ठेवायला जागा खूप असते. प्रणितानं मान हलवली.

“मग परत कर.”

“काय?”

“ज्याचं त्याला देऊन टाक. तू कशाला सांभाळतेस? तुला तुझा संसार करायचाय.”

“आऊ,” शामराव घाईनं म्हणाले, “कशाला उगीच? मी समेटाचा अर्थ विचारायला आलो होतो—”

“तोच सांगतेय. गप बस. हं, पोरी.”

प्रणितानं पदर खांद्यावरून सारखा केला. तिला वाटलं होतं, तोंडच उघडणार नाही. पण पहिलं वाक्य निघालं, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं.

“थोरले मामा, मामा म्हणाले होते, ‘त्या कुंभकर्णाला उठव, तोवर उसाचं चिपाड होईल.’ मी तुम्हाला म्हणाले होते, उठलात का.”

हिंदुरावांची मान फिरली.

“मामा, थोरले मामा म्हणाले होते, ‘जगाचे तंटे मिटवत फिरतोय, आणि हितं चुलाणात जाळ हाय का राख, ते ह्याला दिसत न्हाई.’ मी म्हणाले होते, जाळ जरा वाढवायचाय म्हणे.”

शामरावांच्या भुवया वर गेल्या.

“थोरले मामा, मामा म्हणाले होते, ‘त्याच्या हातचा गूळ कुत्रं चाटत न्हाई.’ मी म्हणाले होते, गूळ जरा मऊ झालाय म्हणतात.”

“कुत्रं?” हिंदुराव म्हणाले.

“मामा, थोरले मामा म्हणाले होते, ‘असल्या अध्यक्षाला—’”

ते मात्र पुरं करायची वेळ आली नाही.

“मी बैल?”

शामराव उठून उभे राहिले होते. आणि वळले होते. त्यांची मान त्या बाजूला वळण्याची सवयच मोडलेली असावी, कारण आधी खांदे वळले, मग छाती, आणि सगळ्यांत शेवटी तोंड.

“मी बैल? तू मला बैल म्हणालास?”

हिंदुरावही उठले.

“मग काय म्हणू? वर आकडा निसटतोय, आणि खाली हा कमरेवर हात ठिवून उभा! भाषण ठोकायला उभा राहिल्यागत!”

“आणि तुझं काय काम होतं? पाक बघायचा सोडून माझ्याकडं कशाला बघत होतास?”

“तुझ्याकडं न्हाई बघायचं तर कुणाकडं? उभा कुठं होतास तू! काळजात धस्स झालं माझ्या!”

“धस्स झालं तर हाक मारायची!”

“मारली की!”

“हिला मारलीस! हिच्या अंगावर पडणार होता का पाक? मला मारायची! ‘शामा’ म्हणायचं! पाळण्यातलं नाव हाय माझं. इसरलास?”

हिंदुरावांनी तोंड उघडलं.

…

मिटलं.

“तोंडाशी आलं होतं,” ते म्हणाले.

“मग?”

“…सवय आडवी आली.”

शामराव पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरून उभे होते. हिंदुराव त्या हाताकडे पाहत होते. हात भाजल्यापासून उघड उघड पाहायची त्यांना ही पहिलीच संधी मिळाली होती.

प्रणिताकडे आणखी दोन गोष्टी शिल्लक होत्या. एक, हिंदुरावांनी तोडून आणलेल्या कोरफडीची. तिच्या हातात देत ते म्हणाले होते, “परसात मिळाली म्हण.” दुसरी, शामराव रोज जेवण झाल्यावर विचारायचे त्याची. “ताट रिकामं आलं का गं त्याचं?” आणि लगेच, “मी विचारलं म्हणू नकोस.”

तिनं आऊंकडे पाहिलं.

आऊंना न सांगताच कळलं असावं.

“ते ऱ्हाऊ दे,” त्या हळूच म्हणाल्या. “ते त्यांचं त्यांना घावू दे.”

“एक सांगतो पण,” शामरावांना पुन्हा कंठ फुटला. “त्या हंगामाला पाक आला नव्हता.”

“आला होता.”

“नव्हता! गोळी पाण्यात टाकून बघितलीस का? नुसती तार बघून उतरवतोस!”

“मला गोळी शिकवतोस? आबांनी मला गुळव्या केला तवा तू चिपाडाच्या ढिगावर घसरगुंडी खेळत होतास!”

“आणि ढेप का बसली न्हाई मग?”

“तू ‘थांब थांब’ म्हणून उतरवायला उशीर केलास म्हणून!”

“उशीर झाला असता तर करपला असता! कच्चा कसा राहिला?”

“कच्चा नव्हता!”

“मग काय होता?”

“…तुझ्यासारखा होता! ना इकडचा ना तिकडचा!”

आवाज वाढत चालला. मठाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. प्रणिता घाबरून उठली. दोघांच्या मधे जाऊन काहीतरी म्हणावं, कुणाचं तरी वाक्य जरा धुऊन पुसून दुसऱ्याला द्यावं, म्हणून तिचे पाय आपोआप निघाले.

आऊंनी तिचा पदर धरला.

“बस.”

“अहो, भांडतायत ते.”

“व्हय.”

“हातघाईवर आले तर?”

“एकाचा हात बांधलेला हाय. दुसऱ्याला गुडघ्यामुळं चालवत न्हाई. बस तू.”

प्रणिता बसली. मग तिच्या लक्षात आलं. इतक्या वेळात दोघांपैकी एकानंही तिच्याकडे पाहिलेलं नव्हतं. ती दोघांच्या मधे नव्हती, बाजूला होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तिनं सुपातली एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले. भाजलेल्या होत्या. छान खमंग होत्या.

बऱ्याच वेळानं शामरावांना आपण कुठं आहोत ते आठवलं. ते ओशाळून ओसरीकडे आले.

“माफ करा, आऊ. तुमच्या दारात… तोंडाला काय येईल ते बोललो. समेटाचा अर्थ विचारायला आलो, आणि भांडण करून बसलो.”

आऊ पदरावरची टरफलं झटकत होत्या.

“इतकी वर्षं तुमच्यात तेवढं तरी होतं का?”

शामराव ओसरीच्या पायरीवर बसले. हिंदुराव लंगडत आले आणि त्याच पायरीवर बसले. दुसरी पायरी होती, पण ती उन्हात होती, असं कुणालाही सांगता आलं असतं.

*

आऊंनी चहा टाकायला सांगितला. प्रणितानं आत जाऊन चूल पेटवली. आणलेल्या ढेपेचा खडा फोडून घातला. बाहेरून दोघांचे घसे बसलेले आवाज येत होते. भांडण आता पाकावरून सरकून, आबांनी घेतलेल्या पहिल्या चरकाला किती बैल लागायचे ह्यावर आलं होतं. त्यावरही एकमत नव्हतं.

कपबश्या बाहेर आणल्या तेव्हा मात्र सगळं शांत होतं.

ही शांतता प्रणिताच्या ओळखीची होती. हिच्यानंतर निरोप यायचा.

शामरावांनी डाव्या हातानं कप घेतला. एक घोट घेतला. समोरच्या डोंगराकडे बघत घसा साफ केला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “त्याला विचार, परवा सत्काराला येतोस का म्हणावं. पुढच्या रांगेत बसायचं. तेवढंच… आपलं माणूस दिसलं की बोलायला बरं पडतं.”

हिंदुरावांची बशी ओठांपाशी थांबली. चार थेंब धोतरावर सांडले. ते प्रणिताकडे बघत राहिले. निरोप पोचायची वाट बघत.

दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर नव्हतं.

प्रणिताच्या तोंडात शब्द जमायला लागले होते. ‘थोरले मामा, मामा विचारतायत…’ सवयीनं, नीट, आदरानं. तिनं आऊंकडे पाहिलं. आऊ डोळे मिटून चहा फुंकत होत्या. तिकडून काही मिळण्यासारखं नव्हतं.

तिनं कपबश्यांचं रिकामं ताट खाली ठेवलं. माहेरी असताना ओढ्यापलीकडच्या रानात बापाला जेवायला हाक मारायची, तो आवाज तिला घशात सापडला. ह्या घरात तिनं तो अजून काढला नव्हता.

“मामा,” ती म्हणाली, “ते इथंच बसलेत.”